आईकडून उतरणारी जमीन : सुमात्रा बेटांतील कोतो गदांग गांवची हकीकत

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तीस वर्षांहून अधिक काळ फेरफाराच्या नोंदी आमच्या हाताखालून गेल्या, आणि त्यांत जो कागद सर्वांत अधिक वेळां पाहिला तो म्हणजे बहिणीचें हक्कसोडपत्र. बाप वारला म्हणजे वारसांचीं नांवें लागावयाचीं. त्यांत बहिणींचीं नांवें कायद्यानें यावयाचींच. आणि पुढें चार-सहा महिन्यांत भाऊ नोंदविलेलें हक्कसोडपत्र व बहीण अशीं दोन्ही बरोबर घेऊन कचेरींत यावयाचा. बहीण जबाबावर सही किंवा अंगठा करी, पदर सांवरी, आणि माहेरच्या जमिनीवरून तिचें नांव उठे. एकदां अशीच एक वृद्ध बाई अंगठ्याची शाई पुसतां पुसतां आम्हांस म्हणाली, "भाऊसाहेब, एवढ्यानें माहेर तुटायचं नाहीं ना?" आम्हीं "नाहीं, आक्का" असें म्हटलें खरें, परंतु तें कचेरींतलें उत्तर झालें.

पेन्शनीवर आल्यानंतर वाचनास सवड मिळाली. तेव्हां असा एक मुलूख वाचनांत आला कीं, जेथें बहिणीकडून सही घेण्याचें कारणच पडत नाहीं, कारण जमीन मुळांतच बहिणीची असते आणि भाऊ तिचा नुसता राखणदार. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं सातबाऱ्याचा उतारा आहे व त्यावरील नांवांची कटकटही आहे. सबब त्या मुलखांतील एका लहान गांवाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

इंडोनेशिया देशांतील सुमात्रा बेटाच्या पश्चिम अंगास मिनांगकाबाउ नांवाचे लोक राहतात. धर्मानें ते मुसलमान, धंद्यानें भातशेतकरी व व्यापारी, आणि वारशाच्या बाबतींत मातृवंशी. आईच्या कुळावरून वारसा चालविणारा एवढा मोठा समाज जगांत दुसरा नाहीं. पश्चिम सुमात्रा हा त्यांचा मूळ प्रांत. २०२० च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ५५ लाखांवर भरली. प्रांताची राजधानी पादांग समुद्रकांठीं आहे. तेथून घाट चढून सुमारें ९० किलोमीटर आंत गेलें म्हणजे बुकित्तिंगी शहर लागतें. बुकित्तिंगी म्हणजे उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंचीवर असल्यामुळें विषुववृत्त इतकें जवळ असूनही तेथें हवा थंड असते.

हें शहर मुख्यत्वेंकरून वाटसरूंचें होय. दक्षिणेकडून पादांगचा रस्ता येतो. उत्तरेचा रस्ता बोंजोल गांवाजवळ विषुववृत्त ओलांडून मेदानकडे जातो. पूर्वेचा रस्ता पायाकुंबुहवरून पकानबारूकडे उतरतो. और कुनिंग येथील मोटारअड्ड्यावर तिन्ही दिशांचे प्रवासी उतरतात व चढतात, आणि त्याला लागूनच कापडाचा घाऊक बाजार आहे. डच लोकांनीं १८२५ च्या सुमारास येथें किल्ला बांधला व त्यास फोर्ट द कॉक हें नांव दिलें. १८९१ सालीं रेल्वेही आणली, ती पुढें बंद पडली. आतां सर्व भार मोटारींच्या रस्त्यांवर आहे.

शहराच्या पश्चिम कडेस जमीन एकदम तुटते. सियानोक नांवाची ही घळ सुमारें १०० मीटर खोल, कडे सरळ उभे, आणि तळाशीं नदी व भाताचीं खाचरें. घळीच्या पलीकडे, सिंगलांग या डोंगराच्या पायथ्याशीं कोतो गदांग हें गांव आहे. अलीकडे घळींतून पायऱ्यांची वाट बांधली असल्यामुळें धडधाकट माणूस शहरांतून तेथें पायींच जातो. 'कोतो' हा आपलाच 'कोट' शब्द होय. 'गदांग' म्हणजे मोठा. नांव मोठें, गांव लहान. सिंगलांग व त्याच्या शेजारचा मरापी हे दोन्ही ज्वालामुखी. त्यांच्या राखेवर तयार झालेली काळसर जमीन भातास फार मानवते, पाण्याचे ओढे बारमाही वाहतात, व बंदिस्त खाचरांतून वर्षास एकाहून अधिक पिकें निघतात. जी राख जमीन सुपीक करते तीच संकटही आणते. डिसेंबर २०२३ मध्यें मरापीचा उद्रेक होऊन वीसहून अधिक गिर्यारोहक मृत्युमुखीं पडले, आणि मे २०२४ मध्यें अतिवृष्टीनें ती राख व धोंडे ओढ्यांतून वाहून येऊन डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गांवांत साठांहून अधिक माणसें दगावलीं. खाचरें गाळाखालीं गेलीं तीं वेगळींच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

कोतो गदांगचा शेतकरी आपली जमीन दोन प्रकारांत मोजतो. पहिली वडिलोपार्जित, परंतु 'वडिलोपार्जित' हा शब्द येथें चुकीचा होईल, तिला 'आयांपासून आलेली' असेंच म्हटलें पाहिजे. तिला ते 'हार्ता पुसाका तिंगी' म्हणजे उंच ठेव म्हणतात. दुसरी स्वकष्टार्जित. उंच ठेव कोणा एकाची नसते. एका पूर्वज आजीच्या पोटीं मुलींच्या मुलींकडून जेवढा विस्तार झाला त्या सर्वांची ती सामाईक. ती विकावयाची नाहीं, तोडून वांटावयाची नाहीं. मुलीस ती जन्मानें भोगावयास मिळते व तिच्या मुलींकडे जाते. मुलासही आपल्या आईच्या कुळांत नांव असतें, परंतु त्याचीं मुलें त्या कुळांतलीं नव्हेत. तीं त्याच्या बायकोच्या कुळांतलीं. सबब बापाच्या शेतांत मुलाचा हक्क पोहोंचत नाहीं. आपल्याकडे मुलगा नसेल तर वंश बुडाला म्हणून हळहळतात. तेथें मुलगी नसेल तर वंश बुडाला म्हणतात, आणि मग ती जमीन जवळच्या शाखेकडे, तीही नसल्यास कुळाकडे व शेवटीं गांवाकडे जाते.

मग पुरुषाचें काम काय? तर आईचा भाऊ हा या ठेवीचा कारभारी. त्यास 'मामाक' म्हणतात. आपल्या 'मामा' शब्दाशीं त्याचें साम्य वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. मामाकानें बहिणींच्या व भाच्यांच्या वतीनें जमीन राखावी, कोणत्या बहिणीनें कोणतें खाचर कसावें तें ठरवून द्यावें, भांडण तोडावें, गांवच्या सभेंत कुळाचें म्हणणें मांडावें. उत्पन्न स्वतः खाऊं नये. एका बहिणीस लावून दिलेलें खाचर तिच्या भोगवट्यास असतें, मालकीस नव्हे. जमीन थोडी व बहिणी फार अशी स्थिति झाली तर तुकडे पाडीत नाहींत. एक वर्ष ही, एक वर्ष ती, अशी पाळी लावतात. हें वाचून आम्ही थोडे थबकलों. आपल्याकडे १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदा केला, आणि त्यानंतरही बांधावर बांध पडत गेले. पाळीनें कसण्याची गोष्ट मात्र विहिरीच्या पाण्यापलीकडे आपल्यांत फारशी गेली नाहीं.

घराचेंही तसेंच. जुनें मोठें घर लांकडी, लांबट, म्हशीच्या शिंगांसारखें वर वळलेल्या छपराचें. मागच्या भिंतीशीं खोल्यांची ओळ, व एकेक खोली एकेका विवाहित मुलीची. पुढच्या अंगणांत धान्याच्या कोठ्या. मुलगे कळूं लागले म्हणजे रात्रीं प्रार्थनागृहांत निजावयास जात. जांवई हा पाहुणा. पूर्वीं तो रात्रीं बायकोच्या घरीं येई व दिवसा आपल्या आईच्या किंवा बहिणीच्या शेतांत राबे. घर त्याचें नव्हे, शेत त्याचें नव्हे, मुलेंही कुळानें त्याचीं नव्हेत. त्याची गणती तेथें बुंध्यावर बसलेल्या राखेंत करतात. वारा आला कीं उडाली. आपल्या घरच्या सुनेनें हें वाचलें तर तिला त्यांत नवीन कांहीं वाटणार नाहीं, फक्त माणूस बदललेला दिसेल.

वाचक विचारतील, अडचण आल्यावर काय करतात? जमीन विकतां येत नाहीं तर पैसा कोठून आणावा? याचें उत्तर गहाणांत आहे, व तें आम्हांस फार विचार करण्यासारखें वाटलें. उंच ठेव गहाण टाकण्यास रूढीनें चारच कारणें मान्य आहेत. घरांत प्रेत पडलें आहे व क्रियेस पैसा नाहीं. मोठें घर गळूं लागलें आहे. उपवर मुलगी लग्नाविना राहिली आहे. किंवा कुळाची रिकामी पडलेली प्रमुखाची गादी पुन्हां भरावयाची आहे. जुगाराचें देणें, मोटार घेण्याची हौस, व्यापारांतील तोटा, हीं कारणें त्यांत नाहींत. त्यांतही सर्व बहिणींची संमति लागते, मामाकाची लागते, आणि कागदावर लगतच्या बांधकऱ्यांच्या सह्या होतात, म्हणजे आपल्या चतुःसीमेंतील माणसेंच साक्षीदार. गहाण ताब्याचें असतें. पैसे देणारा खाचर कसतो व पीक घेतो, व्याज म्हणून निराळें कांहीं नाहीं. रक्कम पुष्कळदां सोन्याच्या वजनांत ठरवितात. चलनाचा भाव उतरला तरी देणाऱ्याचें नुकसान होत नाहीं. सोडवून घेण्यास मुदत नाहीं. आजीनें ठेवलेलें गहाण नातीनें सोडविलें असें होतें.

आतां या ठिकाणीं सरकारी कायदा आडवा येतो. इंडोनेशिया सरकारनें १९६० सालीं एका कायद्यानें ठरविलें कीं, शेतजमिनीचें ताबेगहाण सात वर्षें किंवा अधिक चाललें असेल तर गहाणदारानें कांहींएक रक्कम न घेतां जमीन परत करावी. सात वर्षांत पिकांतून त्याचें देणें फिटलें असें समजावें. कायदा करणाऱ्याचा हेतु गरिबाच्या बाजूचा होता यांत शंका नाहीं. परंतु मिनांगकाबाउ खेड्यांत गहाणदार हा सावकार नसून पुष्कळदां शेजारची विधवा किंवा त्याच कुळांतील दुसरी शाखा असते. तिनें आपलें सोनें दिलेलें असतें. म्हणून लोक हा नियम सहसा वापरीत नाहींत. पैसे न देतां जमीन परत मागणें त्यांस लाजिरवाणें वाटतें. आम्हीं कायद्यांचीं परिपत्रकें पुष्कळ नकलून काढलीं आहेत. गांवानें कोणतें परिपत्रक पाळलें व कोणतें दप्तरांत राहिलें, हें वरून लिहून पाठविणाऱ्यास क्वचित् कळतें.

या गांवास सरकारचा अनुभव जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रदेशांत धर्मसुधारक पाद्री पक्ष व रूढीचा पक्ष यांच्यांत युद्ध पेटलें. १८२१ सालीं डच त्यांत पडले, व १८३७ सालीं इमाम बोंजोल त्यांच्या हातीं लागल्यावर मुलूख त्यांच्या ताब्यांत आला. मधल्या काळांत, १८३३ सालीं, डचांनीं एक लांब जाहीरनामा काढला होता. त्यांत लोकांच्या रूढींत हात घालणार नाहीं व कर बसविणार नाहीं असें वचन होतें. फक्त लोकांनीं कॉफी लावावी. कर नाहीं म्हणतां म्हणतां १८४७ पासून कॉफीची सक्तीच आली. प्रत्येक कुटुंबानें कॉफी पिकवावी, ती सरकारी वखारींतच आणून घालावी, व सरकार ठरवील त्या भावानें घ्यावी. तो भाव अर्थात् बाजारापेक्षां कमी. बिया सगळ्या वखारींत जात. पिकविणाऱ्याच्या वांट्यास झाडाचीं पानें राहत, तीं तो भाजून, उकळून पिई. पानांचें तें पेय त्या भागांत अजूनही मिळतें; आतां तें हौसेनें पितात.

कोतो गदांगनें मात्र या सक्तींतून एक वाट काढली. वखारी आल्या म्हणजे वजनें आलीं, वह्या आल्या, वहीवर लिहिणारा माणूस आला. बुकित्तिंगीस १८५६ सालीं शिक्षकांची शाळा निघाली. घळीपलीकडच्या या गांवानें आपले मुलगे लिहिणें-वाचणें शिकवून वखारींत, कचेऱ्यांत, देवी काढण्याच्या कामावर, पुढें न्यायकचेऱ्यांत व वैद्यकींत घातले. थोड्याच पिढ्यांत साऱ्या डच राज्यांत कोतो गदांगचे कारकून व अंमलदार दिसूं लागले. स्वतः कारकून असल्यामुळें आम्हांस या गांवाविषयीं पक्षपात वाटतो हें कबूल करतों. परंतु त्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुलगा परगांवीं गेला म्हणून त्याच्या पाठीमागें शेताचें काय होईल ही काळजी त्यास नव्हती. शेत बहिणीचें, तें बहिणीपाशीं राहिलें. जमिनीनें त्यास बांधून ठेविलें नाहीं, आणि जमिनीवर अवलंबून राहण्याची सोयही त्यास ठेविली नाहीं. मिनांगकाबाउ तरुणानें घर सोडून दूरदेशीं नशीब काढावें ही चाल फार जुनी. कोतो गदांगनें तिला शाळेची जोड दिली.

१९०८ सालीं डचांनीं कॉफीची सक्ती उठविली व तिच्या जागीं रोख कर बसविला. लोक चिडले. १८३३ चें वचन त्यांच्या आठवणींत होतें. आणि त्याहून मोठा आक्षेप असा कीं, आपल्या आज्यांच्या जमिनीवर आपणच परक्यास खंड द्यावा हें कसें? जून महिन्यांत बुकित्तिंगीजवळच्या कामांग गांवीं लोक हत्यारें घेऊन उठले. १५ तारखेच्या रात्रीं लढाई झाली व पुष्कळ गांवकरी मारले गेले. डचांनीं आधींच, १८७० च्या जमीन कायद्यानें जावा बेटांत व १८७४ पासून सुमात्रांत, असें तत्त्व घालून ठेविलें होतें कीं ज्या जमिनीवर कोणी मालकी शाबीत करूं शकत नाहीं ती सरकारची. जेथें मालक म्हणून एका माणसाचें नांव सांगण्याचीच रीत नाहीं, तेथें असल्या तत्त्वाचा अर्थ काय होतो हें महसुलाचें काम केलेल्यास निराळें सांगणें नलगे.

त्याच काळांतील या गांवच्या एका बाईचें नांव येथें घेतलें पाहिजे. रोहाना कुदुस या १८८४ सालीं कोतो गदांग येथें जन्मल्या. त्यांस शाळा मिळाली नाहीं. वडिलांपाशीं त्या शिकल्या. १९११ सालीं त्यांनीं गांवांत 'अमाइ सतिया' नांवाची स्त्रियांची संस्था काढली. लिहिणें-वाचणें, हिशेब, विणकाम व भरतकाम शिकविलें. कोतो गदांगचें चांदीच्या तारेचें नाजूक काम व भरतकाम यांचें तेथें आजही दुकान आहे. १९१२ सालीं त्या स्त्रियांचें एक वर्तमानपत्र चालवूं लागल्या. त्या १९७२ सालीं वारल्या, आणि २०१९ सालीं सरकारनें त्यांस राष्ट्रवीर ही पदवी दिली. त्यांचे सावत्र भाऊ सुतान शाहरीर हे स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले प्रधानमंत्री. १९४७ च्या जुलैंत ओरिसाच्या बिजू पटनायकांनीं आपल्या विमानांतून ज्यांस जावाबाहेर काढून आणलें तेच. दोघांचा बाप एक, आया निरनिराळ्या. शाहरीरांची आई परप्रांतची. आतां मातृवंशाचा नियम पाहतां रोहाना या कोतो गदांगच्या ठेवीच्या वारस, आणि देशाचे प्रधानमंत्री झालेले त्यांचे भाऊ त्या गांवच्या एका वाफ्याचेही वारस नव्हेत. नियम कळण्यास याहून सोपें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुळ व जमीन गांवांतच राहावी म्हणून पूर्वीं कोतो गदांगची मुलगी बाहेरच्या पुरुषास देत नसत, व तिनें मनानें तसें लग्न केलें तर तिला गांव बंद होई. जमीन जिच्या नांवें, पहारा तिच्यावरच. आमच्या ओळखीच्या एका वकिलांनीं हें ऐकून म्हटलें, "म्हणजे तुमच्या त्या गांवींही सुख नाहींच." सुख आहे असें आम्हीं म्हटलें नव्हतें.

धर्माकडूनही या चालीवर आघात झाले. मुसलमानी शास्त्राप्रमाणें बापाची इस्टेट मुलामुलींस ठरलेल्या हिश्शानें मिळावयाची. येथें तर भाच्यांस मिळे. आगम भागांतच जन्मलेले व मक्केंत मोठ्या पदास चढलेले शेख अहमद खतीब यांनीं या रीतीवर कडक लेख लिहिले. दुसऱ्या कांहीं उलेमांनीं तोड काढली कीं, उंच ठेव ही मुळीं कोणा मृताची मालमत्ता नव्हेच. ती वक्फासारखी अडकवून ठेवलेली, म्हणून वारशाचा नियम तिला लागत नाहीं. अखेर १९५२ सालीं बुकित्तिंगी येथें धर्मपंडित, कुळप्रमुख व शिकलेले लोक यांची सभा भरली, व १९६८ सालीं पादांग येथें पुन्हां चर्चा झाली. ठरलें तें असें : उंच ठेव रूढीनें आईच्या वंशांत जावी, बापानें स्वतः मिळविलेलें त्याच्या मुलांस शास्त्राप्रमाणें मिळावें. दीडशें वर्षें चाललेला वाद इतक्या शहाणपणानें मिटलेला आमच्या पाहण्यांत थोडा आहे. मलबारांत नायर लोकांचीही अशीच मातृवंशी सामाईक घराणीं होतीं. तीं १९७६ पासून कायद्यानेंच मोडलीं व प्रत्येकास आपापला हिस्सा मिळाला.

आज कोतो गदांगच्या व शेजारच्या गांवांच्या जमिनीस जो धोका आहे तो शास्त्राचा नव्हे, शहराचा व कागदाचा आहे. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानें डचांचें सरकारी मालकीचें तत्त्व रद्द झालें व रूढीच्या हक्कांस मान्यता मिळाली. पूर्ण मालकी फक्त देशाच्या नागरिकांस, परदेशी माणसास नाहीं, असेंही ठरलें. परंतु त्याच कायद्यानें जमिनीची नोंदणी व दाखला सुरू झाला. दाखला असेल तर बँक कर्ज देते, रस्त्यांत जमीन गेली तर मोबदला सुरळीत मिळतो. नसेल तर प्रत्येक ठिकाणीं खेटे. सामाईक ठेवीचा दाखला काढावयाचा तर कुळाची वंशावळ लागते, सर्वांची संमति लागते, कुळप्रमुखाची व गांवच्या रूढिसभेची सही लागते. अर्धीं माणसें जाकार्तास, कांहीं मेदानला, कोणी समुद्रापलीकडे. सह्या गोळा होत नाहींत. मग सोय म्हणून एका मामाकाच्या किंवा एका बहिणीच्या नांवें दाखला निघतो. पहिली पिढी समजून असते. दुसऱ्या पिढींत ज्याच्या नांवें कागद त्याचीं मुलें म्हणतात, नांव आमच्या बापाचें, तर जमीन आमची. आणि मामाकाचीं मुलें तर त्या कुळांतलींही नसतात.

वाचकहो, आपल्या उताऱ्यावरील 'ए. कु. मॅ.' ही तीन अक्षरें आठवा. एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून थोरल्या भावाचें नांव लागलें, पुढें तीं अक्षरें एखाद्या नकलेंत गळलीं, आणि धाकट्यांच्या मुलांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. असल्या कांहीं नकला आम्हीं स्वतः केल्या आहेत. अक्षर गळणें ही कारकुनाची चूक किती व कोणाची इच्छा किती, हें दर वेळीं सांगतां येत नाहीं. पश्चिम सुमात्रांतील न्यायालयांत ठेवीच्या जमिनीचे दावे आजही नित्य उभे राहतात.

गांवाची घडीही मध्यंतरीं मोडून पाहण्यांत आली. तेथें गांवास 'नागरी' म्हणतात, व एका नागरींत अनेक वाड्या असतात. १९७९ च्या ग्रामकायद्यानें सगळ्या देशास एकच नमुना लावला; तो या प्रांतांत १९८३ पासून आला. मदतीची रक्कम दर खेड्यास मिळावयाची, तेव्हां अधिक पैसा यावा म्हणून वाड्यांनाच खेडीं ठरविलें, आणि पांचशेंवर नागरींचीं तीन हजारांवर खेडीं झालीं. पैसा आला, परंतु सामाईक रान, पाट व कुळसभा यांचा धनी कोण हें कोणासच सांगतां येईना. शेवटीं २००० सालच्या प्रांतिक नियमानें नागरी पुन्हां उभ्या केल्या. त्याच सुमारास, १९९९ सालीं, बुकित्तिंगी शहराची हद्द वाढवून भोंवतालच्या अनेक नागरी शहरांत घेण्याचा हुकूम निघाला. आगम जिल्ह्यांतील लोकांनीं त्यास कसून विरोध केला, व हा वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. शहरांत गेलें म्हणजे नागरी संपली, नागरी संपली म्हणजे रूढिसभा संपली, व ती संपली म्हणजे ठेवीस राखणारें कोणी उरत नाहीं; लोकांची भीति ही होती. शहरालगतच्या खाचराचा भाव घरबांधणीच्या हिशेबानें होऊं लागला म्हणजे ती अनाठायीं म्हणतां येणार नाहीं.

कोतो गदांगला स्वतःच्या यशाचाही त्रास झाला आहे. नोकरीनें मिळविलेल्या पैशांतून बांधलेलीं कांचेच्या खिडक्यांचीं, डच धर्तीचीं नेटकीं घरें तेथें ओळीनें उभीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांना कुलूप आहे. विकावयाचीं नाहींत, कारण तीं ठेवीच्या जागेवर. राहावयास कोणी नाहीं, कारण मुली आतां नवऱ्याबरोबर जाकार्तास. एखाद्या घरांत म्हातारी मावशी राहते व शेजारच्या दोन-तीन घरांच्या किल्ल्या तिच्याच कमरेस. खाचरें आसपासच्या गांवचे शेतकरी अर्धेलीनें करतात. पीक निघालें म्हणजे अर्धा वांटा मावशीच्या कोठींत किंवा पैशाच्या रूपानें दूरच्या बहिणीकडे. कसणाऱ्यास ठाऊक असतें कीं ही जमीन त्यास कधींही विकत मिळणार नाहीं, आणि मालकिणीस ठाऊक असतें कीं तिची मुलगी चिखलांत उतरणार नाहीं. दोघांचें निभतें आहे. कांहीं खाचरांत आतां भात होत नाहीं.

रमझान संपला म्हणजे बुकित्तिंगीच्या मोटारअड्ड्यावर गर्दी उसळते. परगांवीं गेलेलीं मंडळी ईदेस आईच्या घरीं येतात. कुलपें निघतात, खिडक्या उघडतात, अंगण झाडलें जातें. त्या आठवड्यांत भाऊ-बहिणी एकत्र बसून वंशावळीचा कागद पुढें घेतात. नवीन जन्मलेल्या मुलींचीं नांवें त्यांत घालतात, अर्धेलीचा हिशेब पाहतात, कोणाचें छप्पर गळतें, आजीनें ठेवलेलें कोणतें खाचर यंदा सोडवावयाचें व सोनें कोणी किती घालावयाचें, याचा खल होतो. मग किल्ल्या पुन्हां मावशीच्या हातीं देऊन मंडळी घळीच्या पलीकडे, शहरांतील मोटारींकडे निघतात.